पांढरी वाटी

फोन वाजला तेव्हा निवृत्ती ओट्यापाशी उभा राहून चहा गाळत होता. पातेलं खाली ठेवून त्याने फोन कानाला लावला, गाळणी हातातच राहिली.

“काका, हॉस्पिटलमधून सरिता बोलते. काल दुपारी काय करत होता तुम्ही?”

असं त्याला फार वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. दुपारी काय केलं, कुठे गेला होतास, जेवलास का. बायको, सगुणा, गेली तेव्हा हे प्रश्नही घरातून गेले. लेक विचारायची, पण तिचं विचारणं नर्सचं होतं, गोळी घेतली का, एवढंच.

“का बरं?”

“तुमचे ठोके एकदम वर गेलेले दिसतात इथे. बराच वेळ वर होते. जिना चढलात का?”

“नाही.”

“छातीत दुखलं? धाप? चक्कर?”

“तसलं काही नाही.”

“मग टेन्शन टाकते, काका. यातलं एक काहीतरी कॉम्प्युटरवर टाकावंच लागतं, त्याशिवाय पुढचं उघडत नाही.” मुलगी चांगली होती. आवाजात घाई होती, पण माया होती. “एवढं टेन्शन घेत जाऊ नका,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

गाळणीतून चहाचे थेंब फरशीवर पडत होते. निवृत्ती तसाच उभा राहिला. रागावण्यासारखं ती काही बोलली नव्हती. टेन्शन हा शब्द आता कुणीही वापरतो. भाजीवाला वापरतो, रिक्षावाला वापरतो. पण निवृत्तीला तो शब्द लागला, आणि लागला तिथेच राहिला, दातात अडकल्यासारखा.

त्याने शर्टावरून छातीचा पट्टा चाचपला. दोन बोटं रुंदीचा, पुढे काड्यापेटीएवढी डबी. दिवाळीनंतर छातीत कळ आली, लेकीने रिक्षात घालून गंगापूर रोडच्या हॉस्पिटलात नेलं, वाचला. ती तिथेच नर्स होती. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार आठ साली, हॉस्पिटलने काही पेशंटना असे पट्टे घरी देऊन बघायला सुरुवात केली होती. पट्ट्याला वायर नाही. पट्टा मोबाईलला सांगतो, मोबाईल हॉस्पिटलला सांगतो, आणि तिथे काचेच्या खोलीत मुली कॉम्प्युटरपुढे बसून पवननगरमधल्या, सातपूरमधल्या, ओझरमधल्या म्हाताऱ्यांची काळजं बघत बसतात. “मी लग्न होऊन गेल्यावर तुमच्याकडे कोण बघणार, पप्पा?” हर्षाली म्हणाली होती. “हा बघेल.” त्याने डॉक्टरांना विचारलं होतं, हे एवढ्या लांब जातं कसं. डॉक्टर हसले. “हवेतून, काका. आता सगळं हवेतूनच जातं.” निवृत्तीने ओझरच्या विमानाच्या कारखान्यात स्टोअरला जन्म काढला होता. हवेतून काय काय जातं ते त्याला माहीत होतं. तो हसला नाही.

टेन्शन. हा शब्द पहिल्यांदा त्याने कंपनीच्या डॉक्टरच्या तोंडून ऐकला होता. स्वतःच्या नाही, सगुणाच्या कंपनीच्या. अंबडला थर्मामीटरची कंपनी होती, घरापासून पायी जाण्यासारखी. एक्क्याण्णव साली ती तिथे लागली तेव्हा तिला कोण आनंद. निळा ॲप्रन, गळ्यात पास, दुपारी कंपनीचा चहा. गल्लीतल्या बायका घरी पापड लाटायच्या किंवा शिलाई करायच्या, ही पंचिंग करून कामाला जायची. बारीक काचेच्या नळ्यांत पारा भरायचा, नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं. हात हलका लागतो आणि नजर लागते, म्हणून तिथे बायकाच घेत. पंखा लावायचा नाही, ज्योत हलते. खिडक्या बंद, उन्हाळ्यातसुद्धा. नळी फुटली की पारा टेबलावर सांडायचा, टेबलावरून फरशीवर. मग बायका तो पुठ्ठ्याने गोळा करून परत भांड्यात टाकायच्या. हसत हसत करायच्या, कारण पारा पळतो आणि त्याला पकडायला मजा येते. सगुणा घरी येऊन सांगायची, आज सिंधुबाईच्या बांगडीत थेंब शिरला, आज पदर झटकला तर पदरातून मणी सांडल्यासारखे सांडले. एकदा तिने हर्षालीसाठी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत थोडा पारा आणला. पोरगी आठ वर्षांची. स्टीलच्या ताटात तिने तो ओतला आणि दिवसभर बोटाने ढकलत बसली. एकाचे दहा करायचे, दहाचा एक करायचा. निवृत्ती आणि सगुणाही तिच्या शेजारी बसली होती. ताटात तिघांचे चेहरे दिसत होते, लहान, वाकडे, चकचकीत. घरातला तो एक चांगला दिवस होता आणि अजूनही आहे, त्याला काय करायचं. पुढे काय झालं ते कळलं म्हणून तो दिवस वाईट होत नाही. निवृत्तीने पुष्कळदा प्रयत्न करून पाहिला होता.

मग रांगोळी बिघडली. पहिलं तेच. सगुणाची रेघ अशी की आख्ख्या गल्लीने बघावी, ती रेघ नागमोडी यायला लागली. नंतर कपबशी वाजायला लागली, चहा देताना. नंतर ती पाहुण्यांपुढे यायचीच बंद झाली. दार वाजलं की आतल्या खोलीत जाऊन उभी राहायची, भिंतीकडे तोंड करून. हिरड्यांतून रक्त यायचं, तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं लागतं म्हणायची. पटकन चिडायची, मग चिडल्याची लाज वाटून रडायची. कधी मोठ्याने न बोललेली बाई एके दिवशी लेकीच्या अंगावर लाटणं घेऊन धावली आणि मग तेच लाटणं छातीशी धरून ओट्याखाली बसून राहिली. कंपनीच्या डॉक्टरने नाडी बघितली, डोळे बघितले, आणि निवृत्तीला बाजूला घेऊन म्हणाला, “घरी काही टेन्शन आहे का?” जणू निवृत्तीच घरात काहीतरी सांडून ठेवत होता. झोपेच्या गोळ्या दिल्या. गल्ली म्हणाली, शेवाळेच्या बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला. थोरली बहीण बयाबाई निफाडहून आली आणि बाहेरचं बघणाऱ्याकडे घेऊन गेली, त्याने लिंबं उतरवली. शेवटी पाय सुजले, चेहरा सुजला, किडन्या गेल्या. अठ्ठ्याण्णव साली सगुणा गेली. कंपनी त्याच्या आदल्या वर्षीच बंद झाली होती, कोणाला काही न सांगता.

चहा निवला होता. निवृत्तीने तो तसाच प्यायला.

काल दुपारी तो काय करत होता? सराफ बाजारात मोतीराम सोनाराच्या पेढीवर बसला होता. हर्षालीचं लग्न ठरलं होतं. मंगळसूत्राला दोन वाट्या असतात, एक सासरची, एक माहेरची. बयाबाईने फर्मान काढलं होतं, माहेरची वाटी आईचीच पाहिजे, तेवढाच आईचा आशीर्वाद. आशीर्वाद म्हणण्यासारखी गोष्ट होती, फक्त ती वाटी पांढरी होती. सगुणाच्या मंगळसूत्राच्या दोन्ही वाट्या आणि मधले चारही मणी पांढरे होते, चांदीसारखे नाही, चांदीला तेज असतं. शिळ्या भाताच्या पेजेसारखे. कंपनीत लागून वर्ष व्हायच्या आतच ते तसे झाले होते. तेव्हा घरात केवढं रामायण झालं. बयाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, सोनं विकून खाल्लं न् चांदी गळ्यात घातली, माहेरी पाठवलं असेल. सगुणाने गळ्यातलं काढून निवृत्तीच्या हातात दिलं आणि म्हणाली, तुम्ही स्वतः जाऊन दाखवून आणा. तेव्हाही तो मोतीरामकडेच आला होता. मोतीरामने घासून बघितलं आणि म्हणाला, अहो सोनंच आहे, पारा चढलाय. शेगडीवर धरलं, फुंकणीने फुंकलं, आणि निवृत्तीच्या डोळ्यांदेखत ते पुन्हा पिवळं झालं. तो धावत घरी गेला होता. बयाबाईचं तोंड बंद झालं, पण चार-सहा महिन्यांत वाट्या पुन्हा पांढऱ्या. परत तापवून आणतो, तो म्हणाला, तर सगुणाने हात पुढे केला नाही. “राहू द्या. किती वेळा तापवाल? माझ्या अंगात गेलाय तो कोण तापवून काढणारे?” ती हे हसत म्हणाली होती. तिलाही माहीत नव्हतं ती काय बोलते आहे. की माहीत होतं? निवृत्तीने या प्रश्नाशी पुष्कळ संसार केला होता. सहा वर्षं ती बाई जे नाकाने घेत होती, ते तिच्या गळ्यात सगळ्यांना दिसत होतं. सोन्याला दिसलं, माणसांना दिसलं नाही. माणसांनी एवढंच बघितलं की सोनं खरं आहे की खोटं.

आणि काल मोतीरामने, आता म्हातारा झालेल्या, जाड चष्म्याच्या मोतीरामने, वाटी चिमट्यात धरली, फुंकणी तोंडात घेतली, आणि मग फुंकणी काढून सहज म्हणाला, “एक मिनिटाचं काम आहे. पारा उडून जाईल.”

“कुठे जाईल?” निवृत्तीने विचारलं.

“हवेत जाईल. कुठे जाणार?”

तेव्हा ते झालं. छातीत पट्ट्याखाली काहीतरी उभं राहिलं. त्याने हात पुढे करून मोतीरामचा हात धरला, चिमट्यासकट. मोतीराम दचकला, वाटी गादीवर पडली. “अहो शेवाळे, भाजेल ना. काय झालं?” निवृत्तीने वाटी उचलून रुमालात गुंडाळली. त्याला सांगता येईना. हवेत जाईल म्हणजे या पेढीवर राहील, तुझ्या नाकात जाईल, मागे भिंतीला टेकून बसलेल्या तुझ्या सुनेच्या नाकात जाईल, हे एक. आणि दुसरं त्याहून साधं होतं. सगुणाच्या अंगात जे गेलं ते तिच्याबरोबर अमरधामात जळलं, धूर झाला. कंपनीच्या भिंतींना रंग दिला. डॉक्टर निघून गेला. त्या सगळ्यातलं जगात एवढंच उरलं होतं, दोन वाट्या आणि चार मणी. तेही पिवळं होत गेलं की मग काहीच झालं नव्हतं. मग सगुणा नुसतीच वेडी होती.

हे त्याने रस्त्याने घरी येताना जुळवलं. पेढीवर तो फक्त एवढंच म्हणाला, “नको तापवू. ही अशीच पाहिजे.”

चहाचा कप विसळून ठेवतो न ठेवतो तोच बयाबाई आली. लग्नाचं घर म्हणून ती आठवड्यापासून हर्षालीच्या खोलीत मुक्काम ठोकून होती, काल सकाळी कुलदेवीला पत्रिका ठेवायला गेली होती, ती आत्ता परतली. पायरीवर चप्पल काढता काढताच तिने विचारलं, “वाटी आणली का रं?”

“आणली.”

“बघू.”

त्याने रुमाल उघडला. बयाबाईने बघितलं आणि खाली बसली.

“ही तशीच हाय.”

“तशीच आहे.”

“मोतीराम नव्हता का?”

“होता. मीच नको म्हणालो.”

“निवृत्ती,” बयाबाई सावकाश म्हणाली, “तुझं काळीज बिघडलंय का डोकं? लेकीच्या गळ्यात पांढरी वाटी घालशील? बिनकुंकवाच्या कपाळावानी?”

“आक्का, सोनं आहे ते.”

“सोन्याचं कोण पुसतंय? दिसतंय काय ते लोक बघतात. मांडवात सगळ्या बाया आधी गळ्यातच बघत्यात. मंग पुसतील, ही अशी का? मंग आईचं निघंल. येडी होती हे आधीच अर्ध्या निफाडाला ठावं हाय.”

“वेडी नव्हती ती.”

“मंग काय होती?”

“कामाला होती,” निवृत्ती म्हणाला.

बयाबाईने त्याच्याकडे बघितलं, मग वाटीकडे. ती दुष्ट नव्हती. सगुणाच्या शेवटच्या महिन्यात हिनेच तिला न्हाऊ घातलं होतं, चमच्याने भरवलं होतं. “तू हट्टाला पेटलास म्हंजे काय ती परत येणार हाय का?” ती म्हणाली. “पोरीचं बघ. दिवस कमी राह्यलेत.”

“तिचंच बघतोय.”

“लय बघतोय. हॉस्पिटलवाल्यांचा पट्टा बांधून बसलाय गळ्यात गळसरी बांधल्यावानी.” ती उठली. “उद्या मी जाते मोतीरामकडं. मीच तापवून आणते.”

निवृत्तीने रुमालाची गाठ मारली, रुमाल शर्टाच्या आतल्या खिशात घातला, आणि चप्पल घालून बाहेर पडला. कुठे जायचं हे त्याने ठरवलं नव्हतं. पायांनी ठरवलं. शाळा सुटलेली पोरं, गिरणीसमोर डबे, पाण्याच्या टाकीखाली रिक्षा. सगुणा याच रस्त्याने जायची. तो कारखान्याच्या बसने ओझरला जायचा, ती पायी अंबडला. चौकात एकमेकांना दिसायचे, तो बसच्या खिडकीत, ती रस्त्यावर, आणि ती कधी हात करायची नाही, लोक बघतात म्हणून. फक्त पदर नीट करायची. त्याच्या कारखान्यात कान तपासायचे, डोळे तपासायचे, बूट द्यायचे, गॉगल द्यायचे. युनियन होती. संध्याकाळी तो घरी येऊन सांगायचा, आज आमचं मेडिकल झालं. ती म्हणायची, आमच्याकडे पण असतं, वजन करतात.

चालता चालता त्याला हर्षालीचं पुस्तक आठवलं. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना ती मोठ्याने पाठ करायची आणि तो पलंगावर पडून ऐकायचा. इंग्रजी वाचायची, मग स्वतःला समजावं म्हणून मराठीत बोलायची. एक दिवस पाऱ्याचं निघालं. विलायतेत पूर्वी टोप्या करणारे कारागीर असत, ती म्हणाली, ते लोकरीला पाऱ्याचं पाणी लावायचे. त्यांचे हात कापायला लागायचे, ते लोकांना चुकवायचे, बुजायचे, चिडायचे, आणि लोक त्यांना वेडे म्हणायचे. जपानमध्ये एका कारखान्याने समुद्रात पारा सोडला, तो माशांत गेला, आधी मांजरं नाचून नाचून मेली, मग माणसं. तिथल्या लोकांनाही पुष्कळ वर्षं कोणी खरं मानलं नाही. ती वाचत होती, हात कापणं, हिरड्या, तोंडाला धातूची चव, लाजाळूपणा, आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. त्याने मान वळवली नाही. तिनेही नाही. पंखा फिरत होता. मग ती म्हणाली, “पप्पा, मी त्याच्याशी खेळायचे.” तो म्हणाला, “हो.” त्यानंतर त्या घरात त्या विषयावर कोणी बोललं नाही. एकदाच त्याने विचारलं होतं, कुठे अर्ज करता येईल का. ती म्हणाली, “आता कोणाला करणार? कंपनीच नाही.” तिचं खरं होतं. पण निवृत्तीला वाटायचं, शेकडो वर्षं आधी टोप्या करणारे होते. मग जपानातली मांजरं. म्हणजे कुठेतरी, कोणालातरी, हे आधीपासून माहीत होतं. पुस्तकात छापण्याइतकं माहीत होतं. आणि तरी अंबडला येईपर्यंत त्याचं टेन्शन झालं. हॉस्पिटलने आता पवननगरातल्या माणसाचा ठोका गंगापूर रोडला दिसायची सोय केली, ती चांगलीच आहे, त्याने त्याचा जीव वाचेल. पण त्या बंद खोलीतल्या हवेत काय होतं ते बघायला एखादा पट्टा कोणी कोणाच्या छातीला बांधला नव्हता. बघायचं ठरवलं की दिसतं. कोणी ठरवलं नव्हतं.

कंपनीचं गेट तेच होतं. पाटी नव्हती, रंग बदलला होता, निळ्याचा तपकिरी. आत बिस्किटांचं गोडाऊन होतं. एक टेम्पो पाठ लावून उभा होता आणि दोन माणसं खोके उतरवत होती, खोक्यांवर हसऱ्या मुलाचं चित्र. ज्या शेडमध्ये पंखा लावायचा नाही असा नियम होता, तिथे आता भले मोठे पंखे फिरत होते. निवृत्ती समोरच्या फुटपाथच्या कडेला बसला. वॉचमन आला.

“काय काम आहे, बाबा?”

“काही नाही. माझी मिसेस इथे कामाला होती.”

“बिस्किटात?”

“त्याच्या आधी.”

“त्याच्या आधी काय होतं इथे?”

निवृत्तीने त्याच्याकडे बघितलं. पोरसवदा होता, मिशी नुकती राखलेली. “पारा होता,” तो म्हणाला. “फरशीच्या भेगांत अजून असेल. आत झोपत जाऊ नको.” वॉचमन हसला, मग त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं, आणि त्याने एकदा वळून शेडकडे बघितलं.

ऊन उतरत होतं. निवृत्तीने खिशातून रुमाल काढून मांडीवर उघडला. छातीत पुन्हा ते उभं राहिलं, काल पेढीवर राहिलं होतं तसंच. त्याने ते बसवायचा प्रयत्न केला नाही. लांब श्वास घेतला नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं आकडे मोजणं केलं नाही. तो गेटकडे बघत राहिला आणि त्याने ते वर जाऊ दिलं. जाऊ दे हवेतून. पोचू दे. इतकी वर्षं हा राग त्याने गिळला होता, लेकीसाठी, नोकरीसाठी, आक्कासाठी, आणि गिळून गिळून त्याचंच काळीज दुखायला लागलं होतं. याला गोळी आहे हे त्याला माहीत होतं. ती घेतली की ठोके खाली येतात. पण या ठोक्याखेरीज सगुणाच्या बाजूने बोलणारं आता कोण राहिलं होतं?

फोन अपेक्षेपेक्षा लवकर आला.

“काका, सरिता. कुठे आहात तुम्ही? बसलाय का? आधी बसा.”

“बसलोच आहे.”

“छातीत दुखतंय?”

“नाही.”

“काका, कालच्यापेक्षा जास्त दिसतंय. मी डॉक्टरांना सांगितलंय. हर्षालीसिस्टरना पण सांगितलंय, त्या निघाल्यात. तुम्ही नक्की कुठे आहात?”

“अंबडला. थर्मामीटरच्या कंपनीसमोर.”

“तिथे काय करताय?”

“बघतोय,” निवृत्ती म्हणाला.

हर्षाली आली ती स्कूटी कशीबशी स्टँडला लावून धावतच, हॉस्पिटलच्या पांढऱ्या कपड्यांवर स्वेटर. आधी तिने मनगट धरलं आणि ओठ हलवत मोजत राहिली. मग तिची नजर मांडीवरच्या रुमालाकडे गेली. मग रस्त्यापलीकडच्या गेटकडे. कुठे आलो आहोत हे तिला तेव्हा कळलं असावं, कारण मनगट सोडायचं ती विसरली.

“आत्याचा फोन आला होता,” ती म्हणाली. “म्हणाली, तुझ्या बापाला समजाव.”

“मग समजाव.”

ती त्याच्या शेजारी बसली, रस्त्याच्या धुळीत, पांढऱ्या कपड्यांनिशी. “तुम्ही हे अंगाशी ठेवायचं नाही, पप्पा. नर्स म्हणून सांगते. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवायचं.”

“ठेवीन. पण तापवायचं नाही.”

“तापवायचं नाही.” तिने रुमालाची गाठ स्वतः मारली. “मी घालणारही नाही. आईने घातली तेवढी पुरे झाली.”

“मग आक्का पिवळी नवीन करून आणेल.”

“नको.” ती गेटकडे बघत बोलत होती. “माझ्या मंगळसूत्रात एकच वाटी राहील. सासरची. माहेरच्या वाटीची जागा मोकळी.”

निवृत्तीने तिच्याकडे बघितलं. नाक आईचं होतं. हट्ट कोणाचा होता हे ठरवणं अवघड होतं.

“मांडवात बायका विचारतील,” तो म्हणाला.

“विचारू देत ना.”

“सासू विचारेल.”

“तिला तर आधी सांगीन. मी खेळायचे तेही सांगीन. ऐकून नको म्हणाली, तर बरं झालं आधीच कळलं.” ती रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही. तिने स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं.

समोरचा टेम्पो रिकामा होऊन निघून गेला. वॉचमनने स्टूल शेडच्या दारातून उचलून बाहेर, गेटच्या खांबाशी आणून ठेवलं आणि त्यावर बसला. फोन पुन्हा वाजला.

“काका, सिस्टर पोचल्या का? पोचल्या ना? बरं झालं. डॉक्टर म्हणताहेत उद्या येऊन जा, गोळी वाढवावी लागेल.”

“येतो. पण गोळी वाढवायची की नाही ते मी त्यांच्याशी बोलेन.”

“ते तुम्ही आणि डॉक्टर बघा. मला आता नोंद करायचीय. धाप, दुखणं, चक्कर, टेन्शन. काय टाकू? टेन्शनच ना?”

“नाही,” निवृत्ती म्हणाला. “टेन्शन टाकू नका. कालचंही काढा.”

“कालचं निघत नाही हो आता. आजचं ‘इतर’ टाकू का मग? पण इतर टाकलं की पुढे काय ते लिहावं लागतं.”

“लिहा. सगुणा निवृत्ती शेवाळे.”

“हे कोणाचं नाव आहे, काका?”

“माझ्या बायकोचं. थर्मामीटरच्या कंपनीत कामाला होती. पाऱ्याने गेली.” हर्षालीचा हात अजून त्याच्या मनगटावर होता. “जागा असेल तर तेही लिहा.”

सरिताला काय वाटलं कोण जाणे. का ते विचारायचं सोडून ती बटणं दाबत होती, एकेक अक्षर, त्याचा आवाज फोनमधून बारीक येत होता.

“जागा आहे, काका,” ती म्हणाली. “सांगा. सावकाश सांगा.”